नोकरी गेली तर घरात सांगा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांस विषय दिला तो ‘आयटीतील नोकरकपात आणि आपली मुले’. ऐकून प्रथम हसूच आले. आम्ही गिरणीतली माणसे. त्रासन खात्यात तुटलेले सूत सांधण्यात उमेद गेली. मोबाईलवर निरोप लिहायचा तर अजून मुलीला हाक मारावी लागते. पण मग मनात आले, संगणक आम्हाला कळत नसेल, नोकरी जाणे तर कळते! वडिलांच्या पिढीने १८ जानेवारी १९८२ पासूनचा संप पाहिला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि कित्येकांना पुन्हा खात्याचे तोंड दिसले नाही. आम्ही त्यानंतर बदलीवर लागलो, कायम झालो, आणि मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या मशिनी थांबल्या त्या पुन्हा फिरल्या नाहीत. तेव्हा ह्या विषयात आमच्या घरात दोन पिढ्यांची पदवी आहे असे समजा.

आपल्याच वस्तीतला एक मुलगा. नाव सांगणार नाही, कोणी विचारूही नका. रोज सकाळी डबा घेऊन, पाठीला बॅग लावून आठच्या गाडीला जायचा. नोकरी जाऊन सात आठवडे झाले होते. दिवसभर कुठल्या तरी वाचनालयात बसायचा आणि आईने भरलेला डबा तिथेच खायचा. बँकेचा हप्त्यासाठी घरी फोन आला तेव्हा फुटले. वडील म्हणाले, “अरे, मला आधी का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “तुम्ही सगळ्या चाळीत पेढे वाटले होते ना.”

बंधूंनो, ह्या एका वाक्यासाठी आम्ही आज उभे आहोत. पेढे वाटले यात वाईट काही नाही, आम्हीही वाटले. पण पोराला वाटले की गेलेली नोकरी म्हणजे आपल्या अंगाला लागलेला डाग. तो डाग नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीने ११ हजार माणसे कमी केली, मार्च २०२३ मध्ये आणखी १० हजार कमी करण्याचे जाहीर केले. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजारांचा आकडा जाहीर केला. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार असे सांगितले. एवढी सगळी माणसे एका महिन्यात मठ्ठ झाली काय? करोनाच्या काळात भरमसाट भरती केली, पुढे अमेरिकेत व्याजदर चढले, गिऱ्हाइकांनी हात आखडला, आणि आता एआय आले. हिशेब मालकाचा चुकतो आणि चिठ्ठी पोराच्या हातात पडते. गिरणीत तरी दुसरे काय होत होते?

ह्या मुलांचे ‘बेंच’ म्हणजे काय ते आम्ही समजून घेतले. एक प्रोजेक्ट संपले, दुसरे मिळेपर्यंत बाकावर बसायचे. पगार चालू, पण जीव टांगणीला. जून २०२५ पासून टीसीएसने नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस गिऱ्हाइकाच्या बिलात लागले पाहिजेत आणि बाकावर ३५ दिवसांपेक्षा जास्त नको. आम्हांला ते ऐकून आमचे बदलीचे दिवस आठवले. गेटवर उभे राहायचे, मुकादमाने बोट केले तर आत. फरक इतकाच की आम्हाला आपण बदली आहोत हे ठाऊक होते. ह्या पोरांना कायमचे पत्र दिलेले असते.

आता कामाचे बोलू. पहिली गोष्ट, राजीनामा. बंद खोलीत बोलावतात, गोड बोलतात, “स्वतःहून राजीनामा दे, म्हणजे पुढे नाव खराब होणार नाही.” तिथल्या तिथे सही करू नका. “विचार करून सांगतो, मला हे लेखी पाठवा,” एवढे बोलून उठा. राजीनामा दिला की कागदावर तुम्ही आपणहून गेलात, मग भरपाई कसली? जुना १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तीतही वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. शिवाय नवे काम शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम ४५ दिवसांत खात्यात जमा व्हायची आहे. हुद्द्यात ‘मॅनेजर’ लिहिले म्हणून घाबरू नका, प्रत्यक्ष हातून काम कोणते होत होते ते पाहिले जाते. हे हक्क कोणी खिरापत म्हणून दिलेले नाहीत. ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबईत संप घडवला होता. आमची पोरे मात्र म्हणतात, “युनियन आमच्यात नसते, काका.” असते! पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, आणि २०२५ च्या कपातीविरुद्ध तिने सरकारदरबारी तक्रार केली.

कागद सांभाळा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचे पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६. कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी हे स्वतःजवळ घ्या. पाच वर्षे भरली असतील तर ग्रॅच्युइटी मागा. पीएफ एकदम उपसू नका, यूएएन नंबर नव्या नोकरीतही तोच राहतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. कंपनीच्या विम्यात आईवडील असतील तर तो नोकरीबरोबर संपतो. म्हणून घरात कोणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलले असेल तर आधी विमा कंपनीला विचारा.

घराच्या कर्जाचा हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन बोला. ९० दिवस थकले की खाते बुडीताच्या यादीत जाते. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांच्या नादी लागू नका. आमच्या वेळचा पठाण निदान पगाराच्या दिवशी गेटवर दिसायचा तरी.

नोकरी शोधण्याबद्दल आमच्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी जे सांगितले तेच सांगतो. अर्ज आधी माणूस वाचत नाही, मशीन चाळते. म्हणून जाहिरातीत जे शब्द आहेत, आणि जे तुम्हाला खरोखर येते, ते त्याच शब्दांत बायोडाट्यात लिहा. एकच बायोडाटा शंभर ठिकाणी फेकू नका. इतरांना तीन-तीन महिने नोटीस भरावी लागते, तुम्ही उद्या हजर होऊ शकता, हे ठळक लिहा. खोटे अनुभवपत्र विकणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका, पीएफच्या नोंदीवरून ते उघडे पडते.

आणि सर्वांत जास्त चालते ते ‘रेफरल’. म्हणजे आतल्या माणसाने नाव पुढे करणे. अहो, हे आम्हाला नवे आहे काय? गिरणीत जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीचा माणूस भरायचा. साचेखात्यात पगार बरा, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. आज धागा नाही, पण ओळखीची साखळी आहे, आणि खाजगी कंपनीत आरक्षण नाही. ज्याचा मामा-काका आत आहे त्याचा अर्ज वर जातो. आपल्या पोराचा मामा कोण? तर ह्या वस्तीतून आधी गेलेली पोरे. पुण्यात हिंजवडीला, ऐरोलीत, बंगळुरात आपली किती मुले-मुली आहेत ते मोजा. पण ज्याने नोकरी गेल्याचे लपवले त्याचे नाव ती पुढे कशी करणार? म्हणून म्हणतो, पहिल्याच संध्याकाळी घरात सांगा.

घरातल्यांनाही एक सांगणे. “तरी सांगत होतो सरकारी नोकरी बघ,” हे वाक्य त्या दिवशी तरी गिळा. मुलीची नोकरी गेली की लगेच स्थळे काढू नका. तिने जे शिक्षण घेतले ते सहा महिन्यांत नासत नाही.

परदेशातल्या नोकरीच्या आमिषापासून मात्र जपा. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. थायलंडमध्ये आयटीची नोकरी म्हणून मुलांना नेले आणि म्यानमारमध्ये डांबून ऑनलाईन फसवणुकीच्या कामाला जुंपले. नोकरीसाठी जो पैसे मागतो, मग ते नोंदणीचे असोत की लॅपटॉपच्या डिपॉझिटचे, त्याला दारातूनच परत पाठवा.

आम्ही चौघे जण दर रविवारी वंदनेनंतर खालच्या अभ्यासिकेत बसत जाऊ. त्यांतली दोघे आयटीत आहेत, एक जण लेबर कोर्टात कारकून होते, आणि चौथे आम्ही, कागद लावायला. ज्याला पत्र मिळाले असेल त्याने ते पत्र, नेमणुकीचे पत्र आणि शेवटच्या तीन स्लिपा घेऊन यावे. आईवडिलांनी आले तरी चालेल. तेवढा तिथला पंखा समितीने पुढच्या रविवारपर्यंत दुरुस्त करून घ्यावा, ही विनंती. जय भीम.