वनौषधींचे मलम : वारसा आणि विवेक



आम्ही वैद्य नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने औषधी वनस्पतींवर बोलावे, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. पण जखम कोणाला चुकली आहे? लहानपणी शेतात विळा लागला की आमची आजी बांधावरची कंबरमोडी ओरबाडायची, तळहातावर चोळायची आणि रस जखमेवर पिळायची. काही भागांत हिलाच दगडी पाला म्हणतात. घरात हळद, अंगणात कोरफड, दारी कडुनिंब. आमच्या वस्तीचा दवाखाना तो एवढाच होता.

हे ज्ञान आजीबाईचे म्हणून हलके लेखू नये. विनयपिटकातील महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. हळद, आले, वेखंड ही मुळे, कडुनिंब, तुळस यांची पाने, तसेच तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून घेण्याची अनुज्ञा तेथे भिक्खूंना दिली आहे. जखमेला तेल लावणे, पट्टी बांधणे याचीही नोंद आहे. जीवकाची कथा आपण जाणताच. औषधी नसलेली वनस्पती शोधून आण, असे तक्षशिलेच्या गुरूने सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. पण जीवक केवळ ऐकून परतला नाही. एकेक झाड पाहून परतला, हे विसरू नये.

आता मलमाविषयी. आयुर्वेदात औषधी तेल सिद्ध करण्याचे प्रमाण ठरलेले आहे : वनस्पतीचा वाटलेला गोळा एक भाग, तेल किंवा तूप चार भाग आणि रस अथवा काढा सोळा भाग. मंद आचेवर पाण्याचा अंश पूर्ण आटवायचा. कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवावी. तडतड झाली तर पाणी शिल्लक आहे असे समजावे. पाणी राहिले की मलम नासते. गाळलेल्या गरम तेलात मधमाश्यांचे मेण विरघळवले की थंड झाल्यावर मलम घट्ट होते. टाचांच्या भेगांना, कोरड्या कातडीला असे मलम चांगले. परंतु घरी केलेले मलम निर्जंतुक नसते. म्हणून खोल किंवा उघड्या जखमेत ते भरू नये. मधाचेच पाहा. इस्पितळात जखमेवर वापरतात तो मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो, बाजारातल्या बाटलीतला नव्हे.

विद्यार्थ्यांनी एक घटना ध्यानात ठेवावी. हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून मांडले गेले व १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. घरोघरी सारे जाणत होते, तेवढ्यावर भागले नाही. लिहिलेला कागद उपयोगी पडला. आपल्या आजीला जे ठाऊक आहे, ते वहीत उतरवून घ्या.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आईला मधुमेह होता. चपलेने अंगठ्याजवळ लहानशी जखम झाली. दुखत नव्हते, म्हणून आम्ही हळद आणि तेल लावत राहिलो. तीन आठवडे गेले. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे न दुखणे हेच धोक्याचे लक्षण असते, हे आम्हांस डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. अंगठा कापावा लागला. आई एकदाही रागावली नाही. ‘तुम्ही मनापासूनच लावत होता रे,’ एवढेच म्हणाली. ते वाक्य आजही आम्हांस झोपू देत नाही. दोष हळदीचा नव्हता. विचारायला न जाणाऱ्या आमचा होता.

म्हणून विनंती आहे. जखम प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. शेण, माती, राख कदापि लावू नये. माती आणि शेणातून धनुर्वाताचे जंतू शरीरात जातात. धनुर्वाताच्या लसीची विचारपूस करावी. भाजणे, खोल घाव, प्राण्याचा चावा, पू, ताप आणि मधुमेही माणसाच्या पायाची कोणतीही जखम यांत दवाखाना हाच पहिला उपाय.

केवळ परंपरा आहे म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पारखून पाहा, हा त्याचा अर्थ. कंबरमोडी मूळची अमेरिका खंडातली. ती आपल्या बांधावर आली, तेव्हा कोणीतरी ती प्रथम पारखली असेलच. आजीचा खरा वारसा त्या पारखण्यात आहे. तो आपण चालवू या.

जय भीम!