आधी कान, मग गाणे

जून-जुलै उजाडला की आपल्या वर्धा जिल्ह्यातली कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी घराबाहेर पडतात. कुणी वर्धा जंक्शनवरून मुंबईची गाडी धरते, कुणी सेवाग्राम स्टेशनवरून दिल्ली नाही तर चेन्नईच्या दिशेने निघते, कुणी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे गाठते. शिवाय रोज नागपूरला अप-डाऊन करणारी मंडळी आहेतच. आई बॅगेत चिवडा भरते, वडील गोरसपाकाचा पुडा आणून ठेवतात, आणि आदल्या दिवशी बाजारातून एक खरेदी होते : कानात घालायचे इअरफोन. पुष्कळांचे हे पहिलेच. पूर्वी मोबाइलच्या डब्यातच ते मिळत. आता बहुतेक कंपन्या देत नाहीत.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘बेस कसा आहे?’ दुसरा असतो, ‘कंपनी कोणती?’ प्रवासासाठी घ्यायचे असतील तर पहिला प्रश्न वेगळा हवा : ‘हे माझ्या कानात नीट बसतात का?’ आजचे सारे बोलणे या एका प्रश्नाभोवतीच आहे.

असे का, ते पाहू. खिडक्या उघड्या असलेल्या, भरधाव धावणाऱ्या स्लीपरच्या डब्यात ८० डेसिबलच्या आसपास आवाज सहज असतो. इअरफोन कानात सैल बसले, की हा खडखडाट फटीतून आत येतो. मग गाणे ऐकू यावे म्हणून आपण आवाज वाढवतो. खडखडाटाच्या वर गाणे उठून दिसायला ते ९० डेसिबलवर न्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने याची मर्यादा घालून दिली आहे. ८० डेसिबल आवाज मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबल मात्र आठवड्यात फक्त ४ तास. साधा नियम असा, की दर ३ डेसिबल वाढले की ऐकण्याची सुरक्षित वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला तर आठवड्याचा कोटा वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो.

आता हिशेब करा. वर्ध्याहून मुंबई साडेसातशे किलोमीटरच्या पुढे. गाडीला बारा-तेरा तास लागतात. सैल इअरफोन लावून रात्रभर ९० डेसिबलवर गाणी ऐकली, तर एकाच प्रवासात तीन आठवड्यांचा कोटा संपला! तेच इअरफोन कानात घट्ट, फट न ठेवता बसले, तर बाहेरचा आवाज १५ ते २० डेसिबलने कमी होऊ शकतो. मग सत्तरच्या आसपासही गाणे स्वच्छ ऐकू येते. गाणे तेच, प्रवास तोच. फरक फक्त बसण्याचा.

हा फरक किरकोळ नाही. आपल्या प्रत्येक कानाच्या आत सुमारे १५ हजार अतिसूक्ष्म संवेदक पेशी असतात. आवाजाच्या लहरी मेंदूपर्यंत पोचवण्याची सुरुवात त्या करतात. या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. केस गळले तर टोपी घालता येते, दात पडला तर नवा बसवता येतो. या पेशींची भरपाई मात्र होत नाही, आणि त्या जातात तेव्हा दुखतही नाही. चार माणसांत बसल्यावर बोलणे नीट कळेनासे होते, तेव्हाच ते लक्षात येते.

म्हणून दुकानात काय पाहायचे? इअरफोनच्या टोकाला मऊ रबरी टोपी असते, तिला ‘टिप’ म्हणतात. चांगल्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन जोड्या येतात. येत नसतील तर तो इअरफोन प्रवासासाठी घेऊ नका. पुष्कळ जण मधली टोपी लावलेली असते तीच कायम वापरतात, बाकीच्या डब्यातच राहतात. आपले दोन कानही अगदी सारखे नसतात. एका कानाला मधली आणि दुसऱ्याला लहान टोपी लागली तर त्यात काही चूक नाही.

घालण्याचीही रीत आहे. एका हाताने कानाची पाळी हळूच वर आणि मागे ओढा, दुसऱ्या हाताने इअरफोन आत सरकवा, मग पाळी सोडा. आता काहीही न लावता स्वतःशी दोन शब्द बोला. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, डोक्यातल्या डोक्यात आला तर टोपी नीट बसली. नेहमीसारखाच ऐकू आला तर फट आहे. दुसरी खूण ढोलकी-तबल्याची. गाणे पातळ, पत्र्याच्या डब्यासारखे वाटले तर इअरफोनला दोष देण्याआधी टोपी बदलून पाहा. ‘बेस नाही’ ही तक्रार अनेकदा तिथेच मिटते. रबराने कान दुखत असेल तर फोमच्या टोप्या मिळतात. बोटांनी दाबून कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. त्या आवाज अधिक अडवतात, पण लवकर खराब होतात.

दुसरा प्रश्न तारेचा. तारेचे घ्यावेत की बिनतारी? पहिल्या खरेदीला तारेचे इअरफोन आजही उत्तम. चार्जिंग नको, वरच्या बर्थवरून एक बाजू घरंगळून हरवत नाही, आणि हजार रुपयांच्या आत चांगले मिळतात. तार शर्टाला घासून खरखर येते, तेव्हा ती कानावरून मागे वळवून घ्यावी. तुमच्या मोबाइलला गोल भोक आहे की फक्त चार्जिंगची टाइप-सी पिन, हे मात्र दुकानात जाण्यापूर्वी पाहून ठेवा. रेडिओच्या श्रोत्यांसाठी आणखी एक गोष्ट : ज्या मोबाइलमध्ये एफएम आहे, त्यात बहुधा इअरफोनची तारच एरियलचे काम करते. बिनतारी लावले की ती सोय जाते. मोबाइलमधली एफएमची सोय कंपन्यांनी बंद करू नये, असे केंद्र सरकारनेही एप्रिल २०२३ मध्ये सांगितले होते.

बिनतारी सुटसुटीत, यात वाद नाही. पण एका चार्जिंगमध्ये ते साधारण पाच-सहा तास चालतात, म्हणजे मुंबई येण्याआधी एकदा तरी डबीत ठेवावे लागतात. त्यांची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि अशा बॅटरीला उष्णता सोसत नाही. गाडीच्या डिक्कीत किंवा बसच्या उन्हाच्या खिडकीत डबी ठेवू नका. घामाचा विचार करून डब्यावर ‘आयपीएक्स ४’ असे लिहिले आहे का, तेही पाहा. याचा अर्थ घाम आणि पाण्याचे शिंतोडे चालतात, बुडवलेले चालत नाहीत.

बाहेरचा आवाज रोखणारे महागडे इअरफोनही आता आले आहेत. त्यांची गोष्टही प्रवासातलीच. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानात बसलेले असताना सुचली, असे सांगतात. इअरफोनमधला छोटा माइक बाहेरची घरघर ऐकतो आणि तिच्या बरोबर उलट लहर तयार करून तिला खोडून काढतो. बसच्या इंजिनाची, एसी डब्याची एकसारखी घरघर त्याने चांगली कमी होते. पण शेजारच्या बाळाचे रडणे किंवा चहावाल्याची हाळी त्याला तितकीशी अडवता येत नाही. आणि टोपी सैल असेल तर तेही पैसे पाण्यात.

डब्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळजवळ प्रत्येक डब्यावर असते. ती तर निरोगी तरुण माणसाच्या कानाचीच मर्यादा आहे, त्यावरून चांगले-वाईट काही कळत नाही.

आता मुख्य सूचना. कान घट्ट बंद करणारी वस्तू बसल्या जागी वापरायची असते. पाऊल उचलले की ती कानातून काढायची. प्लॅटफॉर्मवर, रूळ ओलांडताना, रस्त्याने चालताना, दुचाकीवर ती कधीही नको. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली आणि १३ मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. वर्धा तर दोन मोठ्या रेल्वेमार्गांचा जिल्हा. दिवसरात्र गाड्या धावतात. इथे कान उघडे ठेवणे म्हणजे जीव राखणे.

स्वच्छतेचेही तसेच. टोपी काढून कोमट साबणपाण्याने धुवावी, पूर्ण वाळवून परत लावावी. जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने काढावा. दुसऱ्याचे इअरफोन मागू नयेत, आपले देऊ नयेत. कान वाहत असेल, दुखत असेल, गाणे थांबल्यावरही शिट्टी वाजत राहात असेल, तर इअरफोन बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात हा विभाग आहे.

आणि आवाज किती ठेवायचा? रात्री घरात सामसूम झाल्यावर गाणे लावा. जिथे ते आरामात ऐकू येते तो आकडा लक्षात ठेवा. गाडीत त्यापेक्षा एक-दोन घरे वर चालेल. त्याहून जास्त वाढवावेसे वाटले, तर समजा टोपी सैल आहे. आवाजाचे बटण सोडा, टोपी बदला. आणि दर तासाला कानांना पाच-दहा मिनिटांची सुट्टी द्या. सिंदी, बुटीबोरी मागे पडताना खिडकीबाहेर पाहायलाही काही हरकत नाही.

आपला मुलगा, आपली मुलगी निघताना ‘पोचल्यावर फोन कर’ असे आपण सांगतोच. त्याबरोबर हेही सांगा, की इअरफोन किमतीने नव्हे, कानाने निवड. पुढची पन्नास-साठ वर्षे आपल्या माणसांचे बोलणे याच दोन कानांनी ऐकायचे आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)