पुठ्ठ्याचे भोक

१६ फेब्रुवारी १९८० ची दुपार मला अजून आठवते. त्या दिवशी देशाच्या काही भागांत खग्रास सूर्यग्रहण होते. आमच्या तालुक्याच्या गावी ते खंडग्रासच होते, पण धास्ती मात्र पुरी होती. रस्ते ओस, खिडक्या बंद. मी तेव्हा दहा वर्षांचा. फादर लोकांच्या कॅथलिक शाळेत शिकत होतो. विज्ञान शिकवणारे फादर आदल्या दिवशी म्हणाले होते, ''ज्यांना ग्रहण बघायचंय त्यांनी उद्या दुपारी या. सूर्याकडे मात्र कुणी बघायचं नाही.''

अम्मी नको म्हणत होती. अब्बांनी तिला पैगंबरसाहेबांची गोष्ट सांगितली. त्यांचा लहानगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यही शोक करतोय. पैगंबरांनी समजावले, की कुणाच्या जन्माने वा मरणाने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नसते; ग्रहण दिसले की प्रार्थना करा. एवढे सांगून अब्बा नमाजला निघाले आणि वाटेत मला शाळेत सोडून गेले.

शाळेत आम्ही पाचच पोरे. फादरांनी पुठ्ठ्याला सुईने भोक पाडले आणि पांढऱ्या कागदावर वाटाण्याएवढा सूर्य उतरवला. चंद्र तो हळूहळू कुरतडत होता. एकाने विचारले, ''मग फादर, हे देव करत नाही?'' ते म्हणाले, ''कसं होतं ते फळ्यावर सांगतो. कुणी केलं ते चर्चमध्ये गुडघे टेकून विचारतो. दोन्ही प्रश्न माझेच आहेत.''

पुढे वाचनात बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र आले. जेझुइटांच्या शाळेत शिकलेले, १९२३ साली धर्मगुरू झालेले, लुव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठातले प्राध्यापक. विश्व प्रसरण पावते आहे, हे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडले. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या नव्या विज्ञानात देवाच्या निर्मितीची साक्ष पाहिली. लमेत्रना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरच राहावा, असे या पाद्र्याचे मत होते. याच चर्चने १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा केली होती आणि चुकीची कबुली द्यायला १९९२ साल उजाडले, हेही विसरू नये. समजूत फुकट येत नाही.

हे सगळे ठाऊक असूनही मी चुकलो. एका रमजानात मुलाने विचारले, ''अब्बा, डार्विन खरा की आदमची गोष्ट?'' पाहुणे बसले होते. मी त्याला दटावले. तो गप्प झाला आणि मग काही विचारेनासाच झाला. त्या शांततेने माझी झोप उडवली. ज्या घरातून मला ग्रहण बघायला पाठवले होते, त्याच घराची खिडकी मी बंद केली होती.

शेवटी मीच त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हटले, ''मला उत्तर येत नाही. दोघं मिळून वाचू या का?'' तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला आणि पुस्तक घेऊन आला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)