औषधाची भर आणि सुरक्षिततेची मर्यादा



कुंभिवलीसारख्या गावातील एखाद्या घरी फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान होते, तेव्हा नातलगांची विनवणी बहुधा एकच असते : "डॉक्टरसाहेब, जे जे औषध असेल ते सर्व एकदमच द्या." या विनवणीमागे माया असते, जमीन विकण्याचीही तयारी असते. परंतु अधिक औषध म्हणजे अधिक आयुष्य, हे गणित दर वेळी जुळत नाही.

रोग छातीपुरता मर्यादित, पण शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असल्यास किरणोपचार व रसायनोपचार एकत्र दिले जातात. कर्कपेशींच्या विशिष्ट प्रथिनांवर नेम धरणारी लक्ष्यवेधी औषधे आली, तेव्हा तीही यात मिसळावीत, असा विचार पुढे आला. अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सेटुक्सिमॅब जोडले गेले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आयुर्मान वाढले नाही, तीव्र दुष्परिणाम मात्र शेकडा ७० ऐवजी ८६ रुग्णांत आढळले. बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर काही रुग्णांच्या श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये छिद्र पडले आणि चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. हे औषध नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते; किरणांनी दुखावलेला भाग भरून येण्यास त्याच वाहिन्यांची गरज असते.

मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांवर असाच प्रयोग केला. निमोटुझुमॅबच्या जोडीने रोगाला अधिक काळ आवर बसला, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. तथापि तोंड व घसा सोलवटण्याचा तीव्र त्रास शेकडा ५६ ऐवजी ६७ रुग्णांना झाला. लाभ आणि त्रास हातात हात घालून आले.

मग मार्ग कोणता? २०२४ साली तो स्पष्ट झाला. इजीएफआर जनुकात बदल असलेल्या ज्या रुग्णांचा रोग किरण-रसायनोपचारानंतर वाढला नव्हता, त्यांना ते उपचार संपल्यावर ओसिमर्टिनिब दिले गेले. रोग न वाढण्याचा मध्यम कालावधी ५.६ महिन्यांऐवजी ३९.१ महिने झाला. किरणजन्य फुप्फुसदाह येथेही काहीसा अधिक होता, परंतु बहुतांशी सौम्य. एकत्र नव्हे, क्रमाने. सर्वांना नव्हे, योग्य रुग्णाला.

म्हणून कुटुंबाने जनुकतपासणी झाली आहे काय, हे आधी विचारावे. उपचारानंतर काही महिन्यांतही कोरडा खोकला, धाप वा ताप आल्यास घरगुती काढ्यावर न विसंबता तत्काळ डॉक्टरांना कळवावे. टाटा स्मारक केंद्राची शाखा याच रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे. रुग्णाला तेथवर वेळेत पोहोचविणे आणि डॉक्टर "थांबा" म्हणतील तेव्हा धीर धरणे, हीदेखील रुग्णसेवाच होय.