फट कोडमध्ये, मूळ निविदेत



संकेतस्थळावरच्या साध्या रकान्यातून डेटाबेसला परक्या आज्ञा पाळायला लावणारा दोष, म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन, आपल्या व्यवसायाला १९९८ पासून ठाऊक आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात सुरक्षा संशोधक जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात त्याचं वर्णन केलं. आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा व तपास संस्था एफबीआय यांना सॉफ्टवेअर कंपन्यांना बजावावं लागलं, की हा दोष आता तरी मुळातून काढा. पाव शतकात रोग कळला, औषधही मिळालं, तरी रोगी बरा झाला नाही. माझं म्हणणं असं, की सरकारी संकेतस्थळांपुरतं याचं कारण प्रोग्रामरच्या अज्ञानात शोधणं व्यर्थ आहे. सरकार सॉफ्टवेअर कसं विकत घेतं आणि कसं सांभाळतं, तिथे ते सापडतं.

दोष किती साधा आहे पाहा. वसईतल्या किंवा गोव्यातल्या डिसोझा आडनावाच्या नागरिकाने अर्जात रोमन लिपीत नाव भरलं, तर ‘डी’नंतर एकेरी अवतरणचिन्ह येतं. एसक्यूएलमध्ये मजकूर कुठे संपला हे दाखवणारं चिन्हही तेच. नागरिकाचा मजकूर आणि प्रोग्रामरची आज्ञा एकाच ओळीत चिकटवून पाठवली असेल, तर डेटाबेसच्या लेखी नाव ‘डी’पाशीच संपतं, उरलेलं ‘सोझा’ तो आज्ञा म्हणून वाचू जातो आणि अडखळतो. प्रामाणिक अर्जदाराला पडद्यावर एरर दिसते. त्याच रकान्यात, त्याच चिन्हापुढे दुसरा कोणी ‘किंवा एक बरोबर एक’ या अर्थाची अट लिहितो. ती प्रत्येक नोंदीला लागू पडते आणि एका नोंदीऐवजी अख्खा तक्ता बाहेर येतो. यावरची नेहमीची मलमपट्टी म्हणजे ते चिन्हच फॉर्ममध्ये चालू न देणं. त्यासाठी नागरिकाने स्वतःचं आडनाव मोडायचं, आणि फट तरीही राहते, कारण आकड्यांच्या रकान्यातून घुसायला त्या चिन्हाची गरजच नसते. खरा उपाय प्रीपेअर्ड स्टेटमेंटचा: आज्ञेचा सांगाडा आधी पाठवायचा, नागरिकाने भरलेली मूल्यं वेगळी. मग रकान्यात काहीही लिहिलं तरी ते मूल्यच राहतं, त्याची आज्ञा होत नाही.

हा उपाय न केल्याची किंमत अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २०१६ मध्ये मोजली. तिथल्या निवडणूक मंडळाच्या मतदार नोंदणीत याच वाटेने शिरकाव झाला. घातक क्वेरी २३ जूनपासून येत होत्या. १२ जुलैला सर्व्हरवरचा ताण एकाएकी वाढला, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं. पुढे त्या वर्षीच्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या चौकशीच्या म्युलर अहवालाने हे काम रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेचं असल्याचं नोंदवलं. बातम्यांचा भर साहजिकच रशियावर राहिला. पण शत्रू बलाढ्य होता म्हणून दार फोडावं लागलं, असं काही घडलं नव्हतं. ही फट कोणाही हौशी विद्यार्थ्याला सापडू शकते, आणि ती जवळजवळ तीन आठवडे कोणी पाहिली नाही.

आता आपल्याकडची रीत पाहू. निविदा निघते, बहुधा सर्वांत कमी बोलीला काम मिळतं, ते पुष्कळदा पोटकंत्राटदाराकडे जातं. होस्टिंगपूर्वी सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा ऑडिट होतं आणि प्रमाणपत्र फायलीला लागतं. पण ते प्रमाणपत्र त्या दिवसाच्या कोडचं असतं. पुढच्याच महिन्यात नवी योजना येते, ‘एक छोटासा रिपोर्ट जोडा’ असा निरोप येतो, घाईत एक पान वाढतं आणि ते कोणी तपासत नाही. देखभालीची मुदत संपल्यावर संकेतस्थळ चालूच राहतं. कोड कोणाच्या ताब्यात आहे, हे मात्र खात्यालाही सांगता येत नाही. ज्या कोडला मालक नाही, त्यातला दोष कोण काढणार?

हे दोष काढा आणि बाहेरच्यांनाही ते कळवू द्या, असं म्हटलं की तीन आक्षेप येतात. पहिला, जुन्या प्रणाली पुन्हा लिहिणं परवडत नाही. सगळी प्रणाली पुन्हा लिहा असं कोणी म्हणत नाही; डेटाबेसला हाक मारणाऱ्या ओळी शोधून तेवढ्या बदलायच्या आहेत. घातक क्वेरी बाहेरच अडवणारा फायरवॉल त्या कामाला मुदत मिळवून देतो, पण त्याची जागा घेत नाही. दुसरा, मतदारयादी काय किंवा सातबारा काय, माहिती उघडीच असते. पण एक उतारा पाहणं वेगळं आणि सगळा साठा एकगठ्ठा उचलणं वेगळं. शिवाय जिथे वाचता येतं, तिथे काही वेळा नोंद बदलताही येते. सातबाऱ्यावरचं नाव बदलणं म्हणजे काय, हे या राज्यात समजावून सांगायला नको. तिसरा आक्षेप, दोष कळवण्याची मुभा दिली तर चोरांचं फावेल. चोर परवानगीची वाट पाहत नाही. कायद्याला घाबरतो तो सज्जन. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ विनापरवानगी प्रवेशाकडे बोट दाखवतं, तेव्हा फट दिसलेला अभियंता गप्प बसणंच पसंत करतो. उलट, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१६ मध्ये ‘हॅक द पेंटॅगॉन’ मोहिमेत लोकांना रीतसर बोलावलं आणि १३८ खरे दोष पदरात पाडून घेतले.

निविदा लिहिणारे आणि बोली लावणारे असे दोघेही या सभागृहात आहेत, म्हणून माझी मागणी दोघांकडे आहे. प्रीपेअर्ड स्टेटमेंटशिवाय कोड स्वीकारला जाणार नाही. सोर्स कोड खात्याच्या ताब्यात राहील. प्रत्येक बदलानंतर तपासणी होईल आणि तिचा खर्च निविदेतच धरला जाईल. सद्हेतूने दोष कळवणाऱ्यावर खातं तक्रार करणार नाही. ही चार कलमं अधिकाऱ्यांनी पुढच्या निविदेत घालावीत, आणि ती नसतील तर व्यावसायिकांनी बोलीपूर्व बैठकीत लेखी मागावीत. एवढी विनंती करून मी थांबतो.