पावतीपुस्तक आणि सायकल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. सभेत बोलण्याची मला सवय नाही. पण चिटणीसबाईंचा आग्रह पडला म्हणून उभी राहिले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आपल्या मुंबईत परळला टाटा, के. ई. एम., वाडिया अशी मोठी रुग्णालये आहेत. तेथे दूरदूरची माणसे उपचाराला येतात. रोग्याला खाट मिळते, पण सोबतच्या माणसाच्या राहण्याजेवणाचे काय? त्यांच्या जेवणाच्या निधीसाठी आमच्या भागातल्या सायकलवाल्या मंडळींनी गेल्या जानेवारीत रात्रीची फेरी ठरवली. गेटवे ऑफ इंडियापासून जुहू आणि परत, सुमारे ५० किलोमीटर. जाणाऱ्याने ओळखीच्यांकडून दर किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करून घ्यायची, आणि फेरी पुरी झाली की ती गोळा करून निधीला द्यायची. माझा मुलगा जाणार होता. त्याची परीक्षा आडवी आली, तेव्हा मी म्हटले, "मी जाते." फेरीला अजून दोन महिने होते.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, दान घरात बसूनही करता येतं. रात्रीबेरात्री रस्त्यावर कशाला?" त्यांचे चुकले नव्हते. पण घरखर्चातून मी फार तर ५०० रुपये दिले असते, आणि ते ५००च राहिले असते.

माहेरी वडिलांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून मी शिकले होते. पंचवीस वर्षांनी पुन्हा बसले. तोल राहिला होता, दम राहिला नव्हता. पहाटे उठून सराव केला.

कठीण गेले ते पावतीपुस्तक. पहिल्या दिवशी चाळीतल्या चार दारांपुढे उभी राहिले आणि कडी न वाजवताच परत फिरले. शेजारी वाटीभर साखर मागायला मला कधी लाज वाटली नाही, पण पैसे मागायला जीभ उचलेना. पाचव्या दारी एक बाई म्हणाल्या, "हे पैसे पोचतात का खरंच?" मला राग आला, रडूही आले. रात्री विचार केला, त्यांच्या जागी मीही हेच विचारले असते. मग पैसे कोठे जमा होतात, जेवण कोण देते, हिशेब कोण पाहते, हे सर्व विचारून कागदावर लिहून घेतले आणि पुन्हा त्यांच्याच दारी गेले. त्यांनी किलोमीटरला पाच रुपये लिहिले.

रात्री अकराला निघालो. मरीन ड्राइव्ह मजेत गेले. पेडर रोडचा चढ मात्र मी उतरून, सायकल हाताने ढकलत चढले. हाजी अली, वरळी करीत माहीमची खाडी आली. तेथला रस्ता १८४५ साली झाला. त्याआधी वांद्र्याला होडीने जावे लागे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी त्यासाठी सुमारे दीड लाख रुपये दिले. लेडी जमशेटजी मार्ग त्यांच्याच नावाचा. इतकी वर्षे त्या रस्त्याने जाते, पण हे नाव कोणाचे, ते मी कधी विचारले नव्हते.

जुहूला चहा झाला. परतताना माहीमला माझा गुडघा धरला. स्वयंसेवक म्हणाले, "काकू, टेंपोत बसा." बसले असते तर कोणी बोलले नसते. पण पावत्यांवर ५० किलोमीटर लिहिले होते. दादरला फुलांच्या बाजारात बायका झेंडूचे ढीग लावीत होत्या. त्यांची रात्र रोजचीच.

परळला एका रुग्णालयाबाहेर पाणी प्यायला थांबले. पदपथावर एक बाई पिशवी उशाला घेऊन जागीच होती. "ताई, एवढ्या रात्री कुठं निघालात?" तिने विचारले. "तुमच्यासाठी" असे काही माझ्या तोंडून निघेना. "फिरायला," म्हटले. मी लंगडते हे तिने पाहिले. पिशवीतून तेलाची बाटली काढून तिने माझा गुडघा चोळून दिला. "मालक आत आहेत. त्यांचे पाय चोळायला आणलंय," म्हणाली. तिने माझ्याकडे काही मागितले नाही. आणि चार दारांवरून लाजून परत फिरलेली मी, तिच्यापुढे मान खाली घालून बसले होते.

साडेसहाला गेटवेला पोचले, तेव्हा समुद्रावर तांबडे फुटत होते. माझ्या पुस्तकाचे १८,४५० रुपये झाले. घरी आले तर सासूबाईंनी पायांना ऊन पाणी काढून ठेवले होते. म्हणाल्या, "माझं नाव लिही. किलोमीटरला रुपया."

भगिनींनो, पुढील वर्षी ज्यांना सायकल येते त्यांनी यावे. ज्यांना येत नाही त्यांनी एकेक पावतीपुस्तक घ्यावे. पहिल्या चार दारांना कडी वाजवायला मी बरोबर येईन.