आपली इच्छा आणि देवाचा संकल्प
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागें वळून पाहणें आणि देवाचे उपकार मानणें हें स्वाभाविक आहे. परंतु मागें पाहतांना एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. आपण देवापाशीं जें जें मागितलें त्यांतलें पुष्कळसें मिळालें नाहीं, आणि जें कधीं मागितलेंच नव्हतें असें कितीतरी पदरांत पडलें. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रार्थनेंत आपली रीत बहुधा अशी असते कीं, बेत आपण ठरवावा आणि देवानें त्यावर केवळ शिक्का मारावा. पाऊस अमुक नक्षत्रांत पडावा, मुलाला अमुक ठिकाणीं नोकरी लागावी, मुलीचें लग्न अमुक घरीं जमावें. असें मागणें वाईट नव्हे. पण शिक्का बसला नाहीं म्हणजे आपण म्हणतों, देवानें ऐकलें नाहीं. ऐकणें आणि होकार देणें ह्यांत अंतर आहे, हें प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. तरी स्वतः लेकरूं होऊन देवापुढें उभे राहिलों कीं आपण तें विसरतों.

ह्या बाबतींत महाराष्ट्रांतच जन्मलेल्या एका संताचें चरित्र मननीय आहे. संत गोन्सालो गार्सिया सुमारें १५५७ सालीं वसईस जन्मले. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं ते शिकले आणि पंधरा-सोळा वर्षांचे असतांना जपानला गेले. तेथें ते जपानी भाषा शिकले व धर्मशिक्षक म्हणून त्यांनीं कित्येक वर्षें सेवा केली. आपल्याला येशूसंघांत प्रवेश मिळावा ही एकच इच्छा त्यांनीं उराशीं बाळगिली होती. इच्छा पवित्र होती आणि तिच्यामागें वर्षानुवर्षांचे कष्ट होते; तरी तो प्रवेश त्यांना मिळाला नाहीं.

वाईट इच्छा अपुरी राहिली तर तिचें दुःख करण्याचें कारण नाहीं. पण चांगली इच्छा, देवासाठींच धरलेली इच्छा अपुरी राहिली तर काय? श्रद्धेची खरी कसोटी तेथेंच लागते.

गोन्सालोंनीं देवाशीं अबोला धरिला नाहीं. ते व्यापारांत शिरले. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांना घेतलें, तेंही धर्मगुरु म्हणून नव्हे, साधे धर्मबंधु म्हणून. १५९३ सालीं फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील ह्या नात्यानें फादर पेद्रो बाप्तिस्ता हे जपानचे सत्ताधीश हिदेयोशी ह्यांच्या भेटीस निघाले, तेव्हां दुभाष्या म्हणून गोन्सालो त्यांच्या सोबत गेले. जी भाषा ते एका आशेनें शिकले होते, ती दुसऱ्याच कामीं आली.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली. मिशनरी आणि त्यांचे जपानी सोबती पकडले गेले. क्योतो शहरांत त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला. ऐन हिंवाळ्यांत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनीं ठार करण्यांत आलें. त्यांत तिघे येशूसंघाचे होते. ज्या संघाचा दरवाजा गोन्सालोंसाठीं उघडला नव्हता, त्याच संघाचे बंधु शेवटच्या घटकेस त्यांच्याबरोबर होते. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं त्या सर्वांना संतपद दिलें, आणि वसईचे गोन्सालो भारतांत जन्मलेले पहिले संत ठरले.

नकार सोसला म्हणजे पुढें मोठें बक्षीस मिळतें, असा ह्याचा अर्थ कोणी काढूं नये. गोन्सालोंना अखेर क्रूसच मिळाला. २६५ वर्षांनीं होणारा गौरव त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं. विश्वास म्हणजे शेवट ठाऊक असणें नव्हे; शेवट ज्याच्या हातीं आहे त्याला ओळखणें, ह्याचें नांव विश्वास.

ह्या संबंधांत तीन गोष्टी मनांत नीट ठेवाव्या.

पहिली ही कीं, इच्छा असणें हें पाप नव्हे. गेथशेमनी बागेंत प्रभु येशूनें दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती पित्यापाशीं उघडपणें केली, आणि मग पित्याच्या इच्छेपुढें मान लवविली. जो आपलें मागणें पित्यापासून लपवितो, त्याचें समर्पणही अर्धवट राहतें.

दुसरी ही कीं, देवावरील भरंवसा म्हणजे नशिबावर हवाला नव्हे. आपल्या भागांतला शेतकरी पाऊस हातीं नाहीं म्हणून शेत पडीक टाकीत नाहीं. तो रान नांगरतो, कुळवतो, बियाणें तयार ठेवतो आणि मग आभाळाकडे पाहतो. आपला वाटा पुरा करून उरलेलें देवाच्या हवालीं करणें हीच भरंवशाची रीत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. दुसऱ्याच्या दुःखावर 'देवाची इच्छा' असें लेबल चिकटवूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूरप्रमाणें आपल्या जिल्ह्यालाही हादरा दिला. सास्तूरसारख्या गांवांत दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. ज्या आईनें त्या ढिगाऱ्यांतून लेकरूं उचललें, तिला योजनेचा पाठ देण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. इयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्यानें त्याच्याजवळ बसले तोंवर ते खरे मित्र होते. देवाची बाजू मांडूं लागले तेथें ते चुकले. अशा वेळीं शेजारीं बसावें, भाकर आणून द्यावी, आणि पुन्हां भिंती उभारतांना त्या भक्कम कराव्या. देवाचा संकल्प पुष्कळदां अशा हातांनींच पुरा होतो.

तेर हें आपल्याच जिल्ह्यांतलें संत गोरोबा कुंभारांचें गांव. त्यांनीं थापटण्यानें संतांची परीक्षा घेतली आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. नामदेवांना तें झोंबलें. पण त्याच घावानें ते विसोबा खेचरांच्या पायांशीं जाऊन पोहोंचले. पवित्र शास्त्रांतही देव यिर्मयाला कुंभाराच्याच घरीं धाडतो. तेथें त्याला काय दिसतें? चाकावर भांडें बिघडतें, पण कुंभार माती फेकून देत नाहीं. त्याच मातीचें तो दुसरें भांडें घडवितो. आपले बेत मोडतात तेव्हां आपल्याला वाटतें, मातीच वायां गेली. कुंभाराचा हात तर अजून तिच्यावरच असतो.

आज आपल्यांतलीं कित्येक कुटुंबें ऊसतोडीला बाहेर जातात, तरुण मुलें पोटासाठीं शहरांकडे जातात, आणि म्हातारीं माणसें विचारतात, पुढच्या महोत्सवाला ह्या मंदिरांत कोण असेल? त्याचें उत्तर मजपाशीं नाहीं. परंतु एवढें सांगतों: रोज रात्रीं आपली इच्छा देवाला स्पष्ट शब्दांत सांगा, मग मूठ उघडी करा, आणि सकाळीं उठून समोर आलेलें काम प्रामाणिकपणें करा. हें जें घर शिकेल, तें कोठेंही गेलें तरी पित्याच्या घराबाहेर जाणार नाहीं.

दयाळू पिता तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो, आणि संत गोन्सालो आपणांसाठीं विनंती करोत. आमेन.